वाचकांचे प्रश्न : काळा दगड काळाच दिसू द्यावा

गेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलचे संध्याकाळी काढलेले छायाचित्र छापले होते. ते पाहून बरीच पत्रे आली आणि त्यांतल्या अनेकांचा रोख एकच होता : प्रवासात अशा जुन्या गॉथिक (टोकदार कमानी व उंच मनोऱ्यांच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीतील) चर्चचा रात्रीचा फोटो आम्हाला का साधत नाही? त्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ त्याच्याच उत्तरात आहे.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त ड्युसेलडॉर्फला राहतो. येत्या जूनमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. तेथून कोलोन रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर असल्यामुळे एक संध्याकाळ कॅथेड्रलसाठी राखून ठेवली आहे. दोन वर्षांपूर्वी प्रागच्या सेंट व्हायटस कॅथेड्रलचे रात्री काढलेले माझे फोटो पार फसले. चर्च चुना फासल्यासारखे पांढरे आले आणि मागचे आकाश डांबरासारखे काळे. माझ्याजवळ मिररलेस कॅमेरा, 24 ते 70 मिलिमीटरची लेन्स आणि हलका ट्रायपॉड आहे. कोलोनला तसे होऊ नये म्हणून काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या प्रागच्या फोटोंत दोन चुका एकत्र आलेल्या दिसतात. एक, आपण फार उशिरा फोटो काढले, आणि दोन, प्रकाश किती घ्यायचा हा निर्णय आपण कॅमेऱ्यावर सोपवला. कोलोनला यांपैकी दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण तेथील कॅथेड्रल काळे आहे. म्हणून आधी त्या काळेपणाविषयी लिहितो. तो समजला की कॅमेऱ्याची बटणे कशी फिरवायची हे वेगळे सांगण्याची फारशी गरज उरत नाही.

या कॅथेड्रलची पायाभरणी 1248 साली झाली, 1560 च्या सुमारास काम थांबले, ते 1842 साली पुन्हा सुरू झाले आणि 1880 साली पूर्ण झाले. मध्ययुगात बांधलेल्या भागाचा दगड ऱ्हाइन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ड्राखनफेल्स नावाच्या डोंगरातून होड्यांनी आणला जात असे. ट्रॅकाइट नावाचा तो ज्वालामुखीजन्य दगड आहे. एकोणिसाव्या शतकातील बांधकामात मुख्यतः निरनिराळ्या खाणींतले वालुकाश्म वापरले गेले. हे दगड मुळात असे काळे नव्हते. कोळशाच्या धुरातील गंधकाची संयुगे पावसाच्या पाण्याबरोबर दगडात मुरली, त्यांची दगडातील चुन्याशी प्रक्रिया होऊन पृष्ठभागावर जिप्समची खपली धरली आणि त्या खपलीत काजळी अडकून बसली. शहराचे मुख्य रेल्वे स्थानक कॅथेड्रलला अगदी लागून आहे आणि 1859 पासून तेथे वाफेची इंजिने धूर सोडत होती, हेही लक्षात घ्यायला हवे. जेथे दुरुस्तीत नवा दगड बसवला आहे तेथे फिकट ठिगळे दिसतात. म्हणजे ती भिंत एकसारखी काळी नसून तिच्यात काळ्याच्या, करड्याच्या आणि मातकट रंगाच्या अनेक छटा आहेत, आणि रात्रीच्या फोटोत टिपण्यासारखी खरी गोष्ट मला त्या छटाच वाटतात.

आता कॅमेऱ्याकडे वळू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. त्याच्यासमोर काळी भिंत आणि काळोखे आकाश आले की तो दृश्य फार अंधारे आहे असे समजून शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. मग काळी भिंत करडी होते आणि जेथे झोताचा प्रकाश थेट पडला आहे ते भाग पांढरेफटक होतात. एकदा पांढरा झालेला भाग नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी परत मिळत नाही. सावलीतला तपशील मात्र रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फोटोतून, बऱ्याच प्रमाणात वर काढता येतो. म्हणून कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवावा, आणि ते अवघड वाटत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय, उणे एकवर आणून सुरुवात करावी. पडद्यावरचे चित्र पाहून निर्णय करू नये, कारण अंधारात पडदा नेहमीच उजळ भासतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतील उजेड-अंधाराचा आलेख, पाहावा आणि तो चौकटीच्या उजव्या कडेला टेकणार नाही एवढीच काळजी घ्यावी. ट्रायपॉडवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) एफ 8 आणि शटर 4 सेकंद ही सुरुवात धरून चालावे. पुढे आकाश जसजसे काळोखेल तसतसा शटरचा वेळ वाढवत न्यावा, मात्र दगडावरचा झोत जळू लागला की थांबावे. शटर सेल्फ टायमरने 2 सेकंदांनंतर सोडावे, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतील रंगछटेचा तोल, ऑटोवर ठेवू नये. 4000 केल्व्हिनच्या आसपास एक आकडा पक्का करावा, नाहीतर एकाच संध्याकाळच्या दहा फोटोंत दगडाचे दहा रंग येतात.

वेळेविषयी आपल्याकडच्या सवयीतून एक गैरसमज होतो. आपल्याकडे दिवेलागण झाली की पाहता पाहता अंधार पडतो. मुंबई-नाशिकच्या अक्षांशावर सूर्य मावळल्यापासून संधिप्रकाश जेमतेम 25 मिनिटे टिकतो. कोलोन जवळजवळ 51 अंश उत्तरेला आहे. तेथे सूर्य क्षितिजाखाली तिरका उतरतो आणि जूनमध्ये तोच संधिप्रकाश सुमारे पाऊण तास रेंगाळतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे सूर्यास्त रात्री 9 वाजून 50 मिनिटांच्या सुमारास होतो आणि त्या दिवसांत मध्यरात्रीसुद्धा आकाश खगोलशास्त्रीय अर्थाने पूर्ण काळे होत नाही. आपल्याला हवा आहे तो काळ साधारण 10 वाजून 10 मिनिटांपासून 10 वाजून 40 मिनिटांपर्यंतचा. या अर्ध्या तासात आकाशाचा उजेड आणि दगडावर पडलेल्या दिव्यांचा उजेड एकमेकांच्या तोलाचे होतात. आकाश गडद निळे राहते आणि त्यावर काळ्या मनोऱ्यांची कड स्पष्ट उमटते. आकाशही काळे झाले की काळ्यावर काळे, आणि मग मनोऱ्यांची टोके कोठे संपतात हेच कळत नाही. हा एकच नियम पाळला तरी आपल्या प्रागच्या फोटोंतील अर्धा दोष नाहीसा झाला असता.

हा अर्धा तास एकाच जागी उभे राहून घालवू नये. मावळतीनंतर आकाश पूर्वेकडे आधी काळोखते आणि पश्चिमेकडे सर्वांत शेवटी. कॅथेड्रलचा दोन मनोऱ्यांचा मुख्य दर्शनी भाग पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे त्याच्यासमोर उभे राहिल्यावर आपण पूर्वेच्या आकाशाकडे पाहत असतो. तेथे निळा रंग लवकर येतो आणि लवकर जातो. म्हणून सुरुवात तेथून करावी. आकाश गडद होऊ लागले की ट्रायपॉड मिटून होहेनझोलर्न पूल पायी ओलांडावा आणि डॉइट्झ या पैलतीरावर जावे. पूल सुमारे 400 मीटर लांबीचा असला तरी कॅथेड्रलच्या चौकापासून पैलतीरावर जागा घेईपर्यंत 15 मिनिटे धरावीत. पैलतीरावरून आपण पश्चिमेकडे पाहत असता, त्यामुळे अजून उजळ असलेले आकाश कॅथेड्रलच्या पाठीशी असते. जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, म्हणून ती शेवटची लाली कॅथेड्रलच्या उजवीकडे, पुलाच्या कमानींवर दिसते.

पैलतीरावर पुलाच्या दक्षिणेला ऱ्हाइनबुलेवार्ड नावाच्या रुंद पायऱ्या आहेत. त्या जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब असून थेट नदीकडे उतरतात. गोदाघाटावर वाढलेल्या माणसाला तेथे परके वाटणार नाही. त्या पायऱ्यांच्या पुलाकडील टोकाला बसावे. तेथून पुलाच्या पोलादी कमानी उजवीकडून आत येऊन नजर सरळ कॅथेड्रलपर्यंत नेतात. अंतर पाऊण किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे आपली लेन्स 50 ते 70 मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावी लागेल. शटर 10 ते 15 सेकंदांचे ठेवले तर वाहते पाणी गुळगुळीत होऊन त्यात दिव्यांचे उभे पट्टे उतरतात.

पुलावर उभे राहून मात्र लांब एक्स्पोजर घेऊ नये, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवू नये. या पुलावर रेल्वेचे सहा मार्ग आहेत आणि दिवसभरात हजाराहून अधिक गाड्या त्यावरून जातात. पादचाऱ्यांची वाट त्याच सांगाड्याला जोडलेली असल्यामुळे प्रत्येक गाडीबरोबर ट्रायपॉड थरथरतो. मी पहिल्या खेपेस तेथेच वीस-पंचवीस फोटो काढले आणि खोलीवर येऊन मोठे करून पाहिले तेव्हा त्यांतला एकही नीट नव्हता. कठड्याच्या जाळीला प्रेमिकांनी लावलेली हजारो कुलुपे तेथे आहेत; जवळच्या कुलपांचा आणि मागे धूसर कॅथेड्रलचा फोटो हवा असेल तर दोन गाड्यांमधली शांतता साधून छोट्या शटरवर घ्यावा.

एक गोष्ट गृहीत धरू नये, ती म्हणजे दिवे. कॅथेड्रलवरचा प्रकाश माणसांनी लावलेला आहे आणि माणसे तो विझवतातही. 5 जानेवारी 2015 रोजी शहरात स्थलांतरितांच्या विरोधात मोर्चा निघाला तेव्हा कॅथेड्रलच्या व्यवस्थापनाने निषेध म्हणून सगळे दिवे मालवले होते. 2022 च्या शरद ऋतूत वीज वाचवण्यासाठी जर्मनीभर सार्वजनिक इमारती आणि स्मारके यांच्या रोषणाईवर बंधने आली होती. आपण जाल त्या दिवसांत दिवे केव्हा लागतात व केव्हा मालवतात याची चौकशी मुलाला आधीच करायला सांगावी. दिवे नसलेच तर निराश होऊ नये. उजळ पश्चिम आकाशावर उमटलेली त्या दोन मनोऱ्यांची निव्वळ काळी आकृती हाही फोटोचा चांगला विषय आहे, आणि तो पैलतीरावरूनच मिळतो.

निघण्यापूर्वी सराव करण्यासाठी आपल्याला कोठे लांब जावे लागणार नाही. पंचवटीत गोदावरीच्या काठी 1747 साली बांधलेले नारोशंकराचे मंदिर काळ्या पाषाणाचे आहे, समोर नदी आहे, आसपास दिवे आहेत आणि पैलतीराला उभे राहायला घाट आहे. कोलोनला ज्या तीन गोष्टी जुळवायच्या आहेत, म्हणजे काळा दगड, कृत्रिम प्रकाश आणि पाणी, त्या तिन्ही तेथे आहेत. चार-पाच संध्याकाळी तेथे ट्रायपॉड लावावा आणि दिवेलागणीपासून दर पाच मिनिटांनी एक फोटो काढत जावे. आकाश व दगड कोणत्या क्षणी तोलात येतात हे एकदा डोळ्यांना कळले की घड्याळ पाहावे लागत नाही. घाटावर आरतीची किंवा स्नानाला आलेल्यांची गर्दी असेल तेव्हा मात्र ट्रायपॉड बाजूला घ्यावा. नारोशंकराच्या घंटेची कीर्ती आपण जाणताच. कोलोनच्या दक्षिण मनोऱ्यातही सुमारे 24 टनांची, 1923 साली ओतलेली एक प्रचंड घंटा आहे. ती मोठ्या सणांना वाजते. आपल्या मुक्कामात असा योग आला तर कॅमेरा थोडा वेळ खाली ठेवून ती अवश्य ऐकावी.

प्रश्न : डिसेंबरमध्ये सहल कंपनीबरोबर युरोपला जात आहोत. कोलोनला एकच संध्याकाळ मिळेल. माझ्याजवळ फक्त मोबाइल आहे आणि मला मुख्यतः घरच्यांचा, मागे कॅथेड्रल दिसेल असा फोटो हवा आहे. मागच्या सहलीत असे फोटो काढले तेव्हा एकतर माणसे काळी आली किंवा चर्चच दिसेनासे झाले.
– एक वाचिका, सांगली

उत्तर : डिसेंबरची संध्याकाळ आपल्या सोयीची आहे. त्या महिन्यात कोलोनला सूर्य दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो आणि 4 वाजून 50 मिनिटांपासून सव्वापाचपर्यंत आकाश हवे तसे निळे असते. सहलीत बहुधा रात्रीच्या जेवणानंतर फेरफटका ठेवलेला असतो, तोपर्यंत ही वेळ टळून गेलेली असते. म्हणून सहलप्रमुखांना आदल्या दिवशीच विनंती करावी, की शहरात पोचल्यावर आधी कॅथेड्रल आणि मग खरेदी, असा क्रम ठेवावा. अशी विनंती सहसा कोणी मोडत नाही.

माणसे काळी येतात कारण मोबाइल मागच्या उजेडाला जुळवून घेतो, आणि चर्च नाहीसे होते ते फ्लॅशमुळे. मोबाइलचा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे पोचत नाही. त्याने चेहरे पांढरे होतात आणि शंभर मीटरवरच्या मनोऱ्यांना त्याचा काहीच उपयोग नसतो. फ्लॅश बंद ठेवून माणसांना उजेडाजवळ न्यावे. कॅथेड्रलच्या दक्षिणेच्या रोंकालीप्लाट्झ या चौकात नाताळचा बाजार भरतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून 23 डिसेंबरपर्यंत तो असतो, म्हणून आपल्या तारखा पाहून घ्याव्यात. तेथील दुकानांचा पिवळसर उजेड चेहऱ्यांवर फार छान पडतो. घरच्यांची तोंडे दुकानाच्या दिव्यांकडे आणि पाठ कॅथेड्रलकडे येईल अशी जागा शोधावी.

मोबाइलचा नाइट मोड एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो, म्हणून त्या दोन-तीन सेकंदांत फोन आणि माणसे दोन्ही स्थिर हवीत. फोन कठड्यावर किंवा पर्सवर टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावावा आणि सगळ्यांना टायमर संपल्यावरही क्षणभर तसेच थांबायला सांगावे. पडद्यावर दगडाच्या उजळ भागावर बोट टेकवले की शेजारी सूर्याचे चिन्ह येते, ते थोडे खाली ओढावे. मोबाइल रात्रीचाही दिवस करू पाहतो, तेवढे त्याला आवरावे लागते. झूम करू नये. कमी उजेडात बरेच फोन दूरची लेन्स न वापरता मुख्य लेन्सचेच चित्र कापून मोठे करतात. आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा. रेल्वे स्थानकाजवळची ती जागा अत्यंत वर्दळीची असते, तेव्हा फोटोच्या नादात पर्स व पासपोर्ट यांच्यावरचे लक्ष ढळू देऊ नये.

प्रश्न : मी वास्तुकलेचा विद्यार्थी आहे. गॉथिक चर्चचा जवळून फोटो काढला की मनोरे मागे झुकल्यासारखे येतात. रात्री तर हा दोष अधिकच जाणवतो. सरळ मनोऱ्यांचा फोटो कसा मिळवावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कॅमेरा वर उचलला की सेन्सर इमारतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. कॅमेरा अगदी समपातळीत धरला तर रेषा उभ्या राहतात, पण मग मनोऱ्याचे टोक फ्रेममध्ये मावत नाही. नेमके किती मावते हे आपल्याला सहज काढता येईल. कॅथेड्रलचे मनोरे 157 मीटर उंच आहेत. 1880 साली पूर्ण झाले तेव्हा ती जगातील सर्वांत उंच इमारत होती आणि चार वर्षे तो मान तिच्याकडे राहिला. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरला तर सेन्सरची उंची 36 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून वर 18 मिलिमीटर. 24 मिलिमीटरची लेन्स समपातळीत ठेवली तर 157 मीटरचे टोक दिसण्यासाठी 157 गुणिले 24 भागिले 18, म्हणजे सुमारे 210 मीटर मागे जावे लागेल. 16 मिलिमीटरच्या लेन्सलाही 140 मीटर लागतात. पश्चिमेच्या चौकात एवढे मागे जायला मोकळी जागाच नाही; मागे इमारती आणि अरुंद रस्ते आहेत. म्हणून जवळून काढलेल्या फोटोत कॅमेरा थोडा तरी वर करावाच लागतो.

यावर तीन मार्ग आहेत आणि तिन्ही मी वापरले आहेत. शिफ्ट लेन्सने, म्हणजे कॅमेरा न कलवता वर-खाली सरकवता येणाऱ्या लेन्सने, रेषा जागेवरच उभ्या ठेवता येतात, पण ती महाग आणि जड असते, विद्यार्थ्याने तिच्या मागे लागू नये. दुसरा मार्ग संगणकावर रेषा सरळ करण्याचा. त्यासाठी फोटो काढतानाच मनोऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आणि वर भरपूर मोकळी जागा सोडावी, कारण सरळ करताना कडा कापल्या जातात. आणि हे काम अर्धवटच करावे. खाली उभ्या असलेल्या माणसाला 157 मीटरचा मनोरा निमुळता दिसतोच. तो कागदावर काटेकोर समांतर केला की वरचा भाग फुगल्यासारखा आणि जड दिसू लागतो. थोडा निमुळतेपणा राहू दिलेला फोटो मला अधिक खरा वाटतो.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा आहे आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने तोच आधी आजमावावा : संपूर्ण इमारत फ्रेममध्ये बसवण्याचा हट्ट सोडावा. या दर्शनी भागाच्या समोरच मनोऱ्याच्या टोकावरील दगडी फुलाची मूळ आकाराची प्रतिकृती जमिनीवर ठेवलेली आहे. तिची उंची साडेनऊ मीटर आहे, आणि खालून जे फूल बोटभर दिसते ते प्रत्यक्षात तीन मजली घराएवढे आहे हे तिच्याजवळ उभ्या असलेल्या एका माणसाने कळते. एका कोपऱ्यातली फ्लाइंग बट्रेस (भिंतीला बाहेरून आधार देणारी कमान), तिच्यावरून खालून वर जाणारा झोत, तिच्या कमानीखाली साचलेला अंधार, एवढ्याचाच फोटो काढला तर गॉथिक बांधणीत छताचा भार भिंतीबाहेर कसा उतरवला आहे हे संपूर्ण इमारतीच्या फोटोपेक्षा अधिक स्पष्ट होते. दिवसा सपाट उजेडात हे थर एकमेकांत मिसळून जातात. रात्रीचा बाजूने येणारा प्रकाश ते वेगळे करून दाखवतो.

परदेशी जाण्याचा योग लगेच नसेल तर म्हैसूरचे सेंट फिलोमिना चर्च पाहून यावे. 1933 साली कोनशिला बसवलेल्या त्या नवगॉथिक चर्चच्या आराखड्याची प्रेरणा कोलोनच्या कॅथेड्रलवरून घेतलेली आहे. त्याचे मनोरे 175 फूट, म्हणजे कोलोनच्या साधारण एक-तृतीयांश, उंचीचे आहेत. तेच गणित तेथे मांडले तर 24 मिलिमीटरच्या लेन्सने सुमारे 70 मीटरवरून काम होते.

प्रश्न : आमच्या पणजीतील पांढऱ्या चर्चचे रात्रीचे फोटो मी काढत असतो. कोलोनला जाण्याचा विचार आहे. तेथे फोटो काढायला, ते छापायला किंवा विकायला परवानगी लागते का? ड्रोन नेला तर चालेल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : जर्मनीच्या कॉपीराइट कायद्याच्या 59 व्या कलमानुसार सार्वजनिक रस्त्यावर किंवा चौकात कायमस्वरूपी असलेल्या वास्तूचे बाहेरून, सार्वजनिक जागेवर उभे राहून काढलेले फोटो छापता व विकताही येतात. कॅथेड्रलचा आतला भाग या सवलतीत येत नाही. तेथे देवळाचे, म्हणजे कॅथेड्रलच्या व्यवस्थापनाचे नियम चालतात. प्रार्थना चालू असताना फोटो काढू नयेत, फ्लॅश व ट्रायपॉड वापरू नयेत, आणि व्यावसायिक कामासाठी लेखी परवानगी घ्यावी. फोटोत रस्त्यावरची माणसे ओळखू येण्याइतकी मोठी येत असतील तर त्यांचे हक्क वेगळे आहेत, त्याबाबत जर्मनीत लोक फार जागरूक असतात. लांब एक्स्पोजरमध्ये चालणारी माणसे आपोआप विरून जातात, ही त्या पद्धतीची आणखी एक सोय.

ड्रोनचा विचार सोडून द्यावा. रेल्वेमार्ग आणि मुख्य जलमार्ग यांच्यापासून 100 मीटरच्या आत परवानगीवाचून ड्रोन उडवण्यास तेथे मनाई आहे, आणि कॅथेड्रलच्या एका बाजूला रेल्वे स्थानक तर मागच्या बाजूला ऱ्हाइन आहे. उंचावरून फोटो हवा असेल तर पैलतीरावरील कोलोन ट्रँगल या इमारतीवर 103 मीटर उंचीचा निरीक्षण मजला आहे. भोवती काचा आहेत, म्हणून ट्रायपॉडऐवजी कॅमेरा काचेला टेकवावा आणि भोवती काळे जाकीट धरून प्रतिबिंब अडवावे. बंद होण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, त्या आधी पाहाव्यात.

आपल्या सरावाविषयी एक सूचना. पणजीचे चर्च पांढरे असल्यामुळे झोतात ते अगदी थोडक्यात जळते, आणि आपला हात शटर आवरते घेण्याला सरावलेला असणार. ती सवय कोलोनला उपयोगीच पडेल. मात्र तेथे दगड प्रकाश गिळतो, म्हणून पणजीचे आकडे जसेच्या तसे वापरले तर दगडातला सगळा तपशील काळ्यात बुडेल. काळा दगड काळा दिसावा, पण त्यावरची छिन्नीची खूण दिसली पाहिजे.

प्रश्न : कॅथेड्रलच्या रंगीत काचांच्या खिडक्या रात्री बाहेरून उजळलेल्या दिसतील का? त्यांचे फोटो घेण्याची फार इच्छा आहे.
– एक वाचिका, सोलापूर

उत्तर : सहसा नाही. रंगीत काच पलीकडून उजेड आला तरच रंग दाखवते. रात्री आतले दिवे बंद असले की बाहेरून त्या खिडक्या शिशाच्या चौकटीत बसवलेल्या काळ्या पाट्यांसारख्या दिसतात. झोताचा प्रकाश त्यांच्यावर बाहेरून पडतो, त्यामुळे रंग उमटत नाही, उलट काचेवर डाग चमकतात. रात्रीच्या फोटोत त्यांचा काळोख तसाच राहू द्यावा; भोवतीची दगडी जाळी त्यामुळे उठून दिसते.

काचांसाठी दुसऱ्या दिवशी दुपारी आत जावे. दक्षिणेच्या बाजूची मोठी खिडकी चित्रकार गेऱ्हार्ड रिख्टर यांनी केली असून ती 2007 साली बसवली. तिच्यात कोणत्याही संताचे किंवा प्रसंगाचे चित्र नाही. 72 रंगांच्या 11,263 चौकोनी काचा तिच्यात आहेत. ती दक्षिणेला असल्यामुळे स्वच्छ दिवशी मध्यान्हाच्या सुमारास सूर्य तिच्यातून थेट आत येतो. खिडकीचा फोटो घेताना एक्स्पोजर काचेवर मोजावे, भिंत काळी गेली तरी चालेल. मग वळून मागे पाहावे. खिडकीचे रंग त्या वेळी खांबांवर आणि फरशीवर पडलेले असतात, आणि ऊन सरकेल तसे तेही सरकत जातात. त्यांच्यासाठी आयएसओ 800 आणि शटर एक-तीसांश सेकंद एवढे पुरते, ट्रायपॉडची गरज लागत नाही.